तीन पत्रिका, एकच बाई

नारायण पेठेतल्या एका संस्थेत मी कामाला लागले तेव्हा सांगण्यात आलं, "ती देणगीदारांची एक्सेल जरा नीट करून दे." जरा! नाव, फोन, ईमेल, संस्था, पद असे पाच रकाने होते. मी त्यांचंच सरळ एक टेबल केलं आणि दोन दिवसांत काम उरकलं म्हणून खूश झाले.

वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिका गेल्या आणि एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "अगं, तीन पत्रिका आल्यात. तीन खुर्च्या ठेवणार आहात का?" एक जुन्या शाळेत गेलेली, शिपायाने घरी आणून दिलेली. दुसरी विश्वस्त म्हणून, तिसरी सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणून. शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांना मात्र एकही नाही.

पुण्यात हे चालायचंच. दिवसा बँकेत, संध्याकाळी गणेश मंडळाचा खजिनदार, रविवारी सोसायटीचा चेअरमन. नवशिक्या इथे हमखास 'संस्था २', 'संस्था ३' असे रकाने वाढवतो. मीही वाढवले. चौथ्या पदाची टोपी घातलेले गृहस्थ पुढच्याच आठवड्यात भेटले.

शेवटी तीन टेबलं केली: व्यक्ती, संस्था आणि या दोघांमधलं 'नातं'. नात्याच्या एका ओळीत व्यक्तीचा आयडी, संस्थेचा आयडी, पद, 'पासून' आणि 'पर्यंत'. बाईंच्या तीन ओळी झाल्या, त्यांचं नाव मात्र एकदाच. मी काही नवीन शोधलं नव्हतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २०१४ सालच्या ऑर्गनायझेशन ऑन्टॉलॉजीत, म्हणजे संस्थांची माहिती कशी मांडावी याच्या आराखड्यात, हीच मधली कडी 'मेंबरशिप' नावाने आहे. हे आधी वाचलं असतं तर दोन महिने वाचले असते.

उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे ऑफिसचा ईमेल आणि फोन हेसुद्धा नात्याच्याच टेबलात हवेत. मोबाइल बाईंचा, पण शाळेचा ईमेल खुर्चीचा. खुर्ची सुटली की तोही सुटतो.

'पर्यंत'चा रकाना रिकामा असेल तर माणूस अजून पदावर आहे, की सोडल्याची तारीखच आपल्याला माहीत नाही? रिकामी जागा दोन्ही अर्थांनी बोलते. म्हणून 'सध्या' असा वेगळा रकाना घ्या: हो, नाही, माहीत नाही. आणि नातं संपलं म्हणून ओळ पुसू नका. मी पुसल्या होत्या. २०१६ साली शाळेतर्फे सही कुणी केली होती, हे ऑडिटरने विचारलं तेव्हा घाम फुटला.

नावांचं दुखणं वेगळंच: लग्नानंतर बदललेलं आडनाव, देवनागरी आणि रोमन स्पेलिंग. फोन जुळला म्हणून दोन नोंदी एक करू नका. एकाच लँडलाइनवर अख्खं घर असतं.

पुढच्या वर्षी बाईंना एकच पत्रिका गेली, घरच्या पत्त्यावर. पुन्हा फोन. "घरी कशाला पाठवलीस? मी दिवसभर ट्रस्टच्या ऑफिसात असते." मग नात्याच्या टेबलात आणखी एक रकाना आला: 'पत्र इथे पाठवा'.