काउंटरवरच्या माणसाला पुस्तक सुचवायला शिकवायचं कसं?

गावोगावच्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत अजून मुक्तद्वार पद्धत नाही, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक निवडता येत नाही. कपाटं आत आणि वाचक बाहेर. तो काउंटरवर येतो आणि म्हणतो, "द्या काहीतरी चांगलं." अशा वेळी देवघेवीला बसलेल्या माणसाच्या हाताला जे लागेल, तेच गाव वाचतं. दाखलनोंद, वर्गीकरण, अनुदानाचे कागद हे सगळं आपण नव्या कर्मचाऱ्याला शिकवतो, पुस्तक सुचवायला मात्र शिकवत नाही. ते महिनाभरात शिकवता येतं. मी ज्या क्रमाने शिकवते, तो सांगते.

सुरुवात न हललेल्या पुस्तकांपासून करा. पहिल्या दिवशी व्याख्यान नको. प्रत्येकाला एकेका कपाटापुढे उभं करा आणि पुस्तक देताना ज्या पट्टीवर तारखेचा शिक्का मारतो, त्या पुस्तकातल्या पट्टीवर गेल्या तीन वर्षांत एकही शिक्का नाही, अशी पाच पुस्तकं काढायला लावा. भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं सूत्र आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही पाच पुस्तकं त्या कर्मचाऱ्याची. महिन्याभरात त्यांना वाचक शोधून द्यायचे.

मग वीस मिनिटांत पुस्तकाची ओळख करून घ्यायला शिकवा. सगळं वाचून होत नाही, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. मलपृष्ठ, प्रस्तावना, पहिली दोन पानं, मधलं कुठलंही एक पान एवढं वाचायचं आणि वहीत लिहायचं: कुठे घडतं, संथ आहे की पळतं, बोलीभाषा कितपत आहे, टाइप बारीक आहे का. टाइपची नोंद हमखास राहून जाते. सत्तरीतल्या वाचकाला बारीक टाइपाचं पुस्तक दिलं, तर ते कितीही चांगलं असलं तरी न वाचता परत येतं. शेवटी एक ओळ, हे कोणाला आवडेल? "सर्वांना" हे उत्तर खोडायला लावा.

आता प्रश्न विचारणं. यालाच सर्वांत जास्त दिवस द्या. "कुठलं पाहिजे?" हा प्रश्न बंद करा, कारण ते माहीत असतं तर वाचकाने नावच सांगितलं असतं. त्याऐवजी विचारायचं, "मागचं कुठलं आवडलं होतं? त्यात काय आवडलं?"

एका वाचनालयात एक काकू दर शनिवारी यायच्या. माझ्याकडे शिकत असलेल्या मुलीने त्यांना त्या वर्षी गाजलेली कादंबरी दिली. सोमवारी ती परत आली, खूण पंधराव्या पानावर. मुलगी हिरमुसली. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी फक्त विचार.

"काकू, याआधीचं कुठलं आवडलं होतं?"

"ते गं, कोकणातलं. नाव नाही आठवत. त्यात आमच्या माहेरासारखं घर होतं, मागे विहीर."

काकूंना कादंबरी नको होती, घर हवं होतं. मुलीने त्यांना आठवणींचं एक जुनं पुस्तक दिलं. तिच्या पाच पुस्तकांतलंच. काकूंनी ते दोनदा मुदत वाढवून घेतलं.

हा सराव जोडीजोडीने करून घ्या. एकाने वाचक व्हायचं, तेही अवघड वाचक: "काहीही चालेल" म्हणणारा, मुलासाठी "संस्कारांचं" पुस्तक मागणारा बाप, परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे न पाहणारा विद्यार्थी. मूल सोबत असेल तर प्रश्न मुलालाच विचारायचा. वाचकाच्या आवडीवर नाक मुरडायचं नाही, मग तो रहस्यकथा मागो नाहीतर राशिभविष्य. तसं एकदा झालं, की तो पुन्हा मनातलं सांगत नाही.

पुस्तकाबद्दल दोन-तीन वाक्यांत बोलायला लावा. कथानक सांगायचं नाही, दार उघडून द्यायचं. "अप्रतिम आहे, वाचाच" याने काही कळत नाही. "एक पोस्टमन निवृत्तीच्या दिवशी न पोचवलेलं पत्र घेऊन निघतो" असं सांगितलं की हात पुढे येतो. दोन किंवा तीन पुस्तकं समोर ठेवायची. एकच दिलं तर आग्रह होतो आणि सहा ठेवली तर गोंधळ.

मांडणीचं काम सोपं आहे. काउंटरजवळ एक टेबल, सात-आठ पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी उभी, प्रत्येकात हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी. टेबल दर पंधरवड्याला बदला. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला बऱ्याच ठिकाणी प्रदर्शन भरतं, पण एका दिवसाने सवय लागत नाही. त्यापेक्षा दिवाळी अंक कामाचे. अंक परत करताना "यातलं काय आवडलं?" विचारा आणि त्याच लेखकाचं पुस्तक कपाटातून काढून द्या. एरवी पुस्तकाकडे न वळणारे कितीतरी सभासद या वाटेने वळतात.

परत आलेलं पुस्तक लगेच बाजूला ठेवू देऊ नका. आधी विचारायचं, "कसं वाटलं?" नाही आवडलं म्हणाले तर का, ते वहीत टिपायचं. वाचकाचं नाव मात्र तिथे लिहायचं नाही, कोण काय वाचतं हे काउंटरच्या बाहेर जाता कामा नये.

महिनाअखेरीस सगळ्यांना वह्या घेऊन बसवा आणि त्या पाच-पाच पुस्तकांच्या पट्ट्या पाहा. ज्यांवर अजून शिक्का नाही, ती आपसांत बदलून घ्या. एकाला न जमलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातून जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.