पॅकेज मॅनेजरच्या पुढच्या रिलीजचं प्लॅनिंग कसं करायचं

आम्ही चौघं रविवारी सकाळी राजारामपुरीत एका मित्राच्या घरी बसतो आणि एका छोट्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना उघडा असलेल्या) पॅकेज मॅनेजरचं काम करतो, म्हणजे प्रोग्रामला लागणारी दुसऱ्यांची तयार पॅकेजेस शोधून, डाउनलोड करून बसवणारं टूल. सुरवातीला प्लॅनिंग म्हणजे काय काय करायचंय त्याची लांबलचक यादी असंच आम्हाला वाटायचं आणि ती यादी कधी संपलीच नाही. आता कसं करतोय ते लिहितो, कोल्हापुरातली बरीच पोरं ओपन सोर्समध्ये हात घालायला बघतायत त्यांच्या कामाला येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ॲपमधलं बटण इकडचं तिकडं झालं तर माणूस शोधून काढतो, पण तुमची इन्स्टॉल कमांड बऱ्याचदा माणूस चालवतच नाही, रात्री दोन वाजता कुठल्यातरी सर्व्हरवरची स्क्रिप्ट चालवते, आणि स्क्रिप्टला शोधाशोध जमत नाही, ती सरळ बंद पडते. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत कुणालाही विचारा, पॅटर्नमध्ये (साच्याच्या नमुन्यात) एक मिलिमीटर चुकला की पुढचं प्रत्येक कास्टिंग तसंच येणार आणि ते कळणार कधी, तर मशीनवर जॉब लावल्यावर. म्हणून प्लॅन लिहायला बसलात की नवीन काय द्यायचं याच्या शेजारीच जुनं कसं काढायचं हेही लिहा. जास्त दिवस या दुसऱ्या कामालाच लागतात.

सुरवात इश्यूंपासून, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या अडचणींपासून करा, मनातल्या कल्पनांपासून नको. आम्ही एक अख्खा रविवार फक्त इश्यू वाचतो. ज्यात कमांड, व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टीम आणि लॉकफाइल (कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन बसलंय याची फाइल) दिलीय आणि आमच्या मशीनवर तीच एरर परत येते तेवढेच प्लॅनमध्ये घ्यायचे, बाकीच्यांना नीट शब्दात माहिती मागायची. मग ढीग करायचे, रिझॉल्व्हरचे (एकमेकांशी जमणारी व्हर्जन्स निवडणाऱ्या भागाचे) वेगळे, कॅश (डाउनलोड करून साठवलेल्या फाइल्स) आणि डाउनलोडचे वेगळे, लॉकफाइलचे वेगळे, एरर मेसेज कळत नाही असे वेगळे. हा शेवटचा ढीग नेहमी सगळ्यात मोठा निघतो आणि नवीन कॉन्ट्रिब्युटरला द्यायला त्याच्याइतकं चांगलं काम नाही.

तारीख आधी ठरवा, काम नंतर. पिप (पायथॉनचा पॅकेज मॅनेजर) दर तीन महिन्यांनी रिलीज होतं, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. कार्गो (रस्ट भाषेचा पॅकेज मॅनेजर) रस्टबरोबर दर सहा आठवड्यांनी येतं. जे तयार नाही ते पुढच्या गाडीनं जातं, त्यात कमीपणा काही नाही. तारीख कामावर अवलंबून ठेवली की एक अडकलेलं फीचर दहा तयार बगफिक्स अडवून धरतं, आमचं तसं सलग पाच महिने झालंय. एका रिलीजमध्ये एकच मोठं काम घ्या, त्याच्याबरोबर चार-पाच छोटी. आणि अंदाज दिवसात नको, संध्याकाळींमध्ये काढा, कारण सगळे नोकरी किंवा कॉलेज करून येतात. आठवड्याला दोन संध्याकाळी धरल्या तर तीन महिन्यांत माणशी पंचवीसेक होतात, त्यातून परीक्षा, गणपती, दिवाळी वजा करा, मग जे उरतं ते खरं.

मोठ्या कामासाठी कोड लिहायच्या आधी दोन पानांचं डिझाइन लिहा. त्यात एवढं तरी हवंच: वापरणाऱ्याला काय बदललेलं दिसेल, कुणाचं काय मोडेल, आणि नवीन व्हर्जननं लिहिलेली लॉकफाइल जुन्या व्हर्जननं उघडली तर काय होईल. हा शेवटचा प्रश्न सगळे विसरतात, पण एकाच टीममध्ये कुणाकडं नवीन कुणाकडं जुनं असणारच. एनपीएम (जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर) ७ नं लॉकफाइलचा फॉरमॅट बदलला तेव्हा दोन नंबरच्या त्या फॉरमॅटमध्ये जुन्या एनपीएमला लागणारी माहितीपण ठेवली होती, ती काढून टाकलेला तीन नंबरचा फॉरमॅट डीफॉल्ट (काही न सांगता आपोआप वापरला जाणारा) झाला एनपीएम ९ मध्ये.

रिझॉल्व्हरला हात लावणार असाल तर मात्र तुमचा अंदाज दुप्पट करा. एकमेकांशी जमणारी व्हर्जन्स शोधणं हा एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी पद्धत कुणालाच माहीत नाही, त्यामुळं तुमच्या टेस्टमध्ये सेकंदात सुटणारं कुणाच्यातरी प्रोजेक्टमध्ये अर्धा तास फिरत बसू शकतं. पिपनं हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. नवीन रिझॉल्व्हर जुलै २०२० मध्ये २०.२ व्हर्जनला फक्त फ्लॅग (कमांडला जोडायचा जादा पर्याय) देऊन मिळत होता, लोकांना आपापल्या प्रोजेक्टवर चालवून बघायला सांगितलं, मग नोव्हेंबरमध्ये २०.३ ला तो डीफॉल्ट झाला, आणि तेव्हासुद्धा जुना परत वापरायला वेगळा फ्लॅग ठेवला होता. आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याच्या आधी काढतात, पाणी चढल्यावर काढायला गेलं तर हातात काही राहत नाही. जुनं वागणं काढायचं तेही तसंच, आधीच्या रिलीजमध्ये वॉर्निंग, पुढच्यात डीफॉल्ट बदल, त्याच्या पुढच्यात काढून टाकणं, आणि तिन्ही तारखा पहिल्याच दिवशी लिहून ठेवायच्या.

वॉर्निंगवरून आमचंच सांगतो. एक फ्लॅग बंद होणार म्हणून आम्ही चांगल्या मनानं वॉर्निंग टाकली, पण ती एसटीडीआउटवर, म्हणजे कमांडचं खरं उत्तर जिथं छापलं जातं तिथंच छापली, आणि जे लोक आमचं जेसॉन (प्रोग्रामला वाचता येणाऱ्या ठरावीक स्वरूपातलं) आउटपुट स्क्रिप्टनं वाचत होते त्या सगळ्यांचं त्या रात्री मोडलं. सकाळी इश्यूंची रांग बघून पोटात गोळा आला खरंच. तेव्हापासून प्लॅनमध्ये आउटपुट बदलाची वेगळी ओळ असते, वॉर्निंग एसटीडीएररवरच (एरर आणि वॉर्निंगच्या वेगळ्या वाटेनं) जाते, आणि जेसॉन आउटपुटची टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज नाही, म्हणजे तो कोड मुख्य प्रोजेक्टमध्ये घेत नाही.

काही कामं कोडची नसतात तीही प्लॅनमध्ये लिहा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएमवरून काढून टाकलं आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करायची कामं) पडले, त्यानंतर एनपीएमनं अनपब्लिशचे नियम कडक केले. पॅकेज कोण काढू शकतं, किती वेळात, सिक्युरिटीचा इश्यू आला तर कुणाला कळवायचं, हे ठरवायला एक रविवार द्या. रिलीजची किल्ली (नवीन व्हर्जन प्रसिद्ध करायचा अधिकार) कमीत कमी दोघांकडं हवी, एकटा माणूस आजारी पडला किंवा थकला तर सगळं तिथंच अडकतं. २०२४ चं एक्सझेडचं (फाइल्स दाबून लहान करणाऱ्या टूलचं) प्रकरण बघा, एकट्यानं दमून सांभाळलेल्या प्रोजेक्टमध्ये विश्वास मिळवून शिरलेल्या माणसानं बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) घातलं होतं. अशी कामं सांगून येत नाहीत, म्हणून एकूण संध्याकाळींचा पाचवा हिस्सा आम्ही कशालाच देत नाही, मोकळा ठेवतो, आणि तो कधीच मोकळा राहत नाही.

तारखेच्या दोन आठवडे आधी नवीन फीचर घेणं बंद, फक्त बगफिक्स. प्री-रिलीज (चाचणीसाठीचं आधीचं व्हर्जन) काढा आणि तुमचं टूल वापरणाऱ्या पाच-सहा खऱ्या प्रोजेक्टवर स्वतः चालवून बघा. रिलीज मंगळवारी सकाळी करा, शुक्रवारी संध्याकाळी अजिबात नको, आणि त्यानंतरच्या दोन संध्याकाळी कुणालातरी इश्यू बघायला बसवा, त्याचं नाव प्लॅनमध्येच आधी लिहिलेलं असू दे.