फुकट प्रवेशाचा नास्तिक मेळावा भरवायचाय? आधी पितृपक्ष कधी आहे बघा

तारखेपासून सुरू करू, कारण तिथेच सगळे चुकतात. बहुतेकांच्या डोक्यात पहिली तारीख येते २० ऑगस्ट. २०१३ साली त्याच दिवशी सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात ओंकारेश्वर पुलावर खून झाला, आणि आता विज्ञान चळवळीतले लोक तो राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. दिवस योग्यच आहे हो, पण त्या दिवशी चांगले वक्ते आधीच कुठेतरी बुक असतात आणि गणपती तोंडावर आले असतील तर हॉलबाहेर ढोलपथकाची प्रॅक्टिस चालू. आम्ही केलं होतं एकदा, माईकवर बोलणाऱ्याचं समोरच्या रांगेलाही ऐकू जाईना.

म्हणून सांगतो, पितृपक्षात ठेवा. पंधरा दिवस ना लग्न ना मुंज ना वास्तुशांत, मंगल कार्यालयं रिकामी, केटरर रिकामा, मंडळाची पोरंही विसर्जन आटोपून मोकळी झालेली. आमच्या मालकाने निम्म्या भाड्यात हॉल दिला, वर म्हणतो, "तुम्हाला चालतंय ना या दिवसांत?" आम्हाला नाही तर कुणाला चालणार!

नावाचा घोळ आधीच मिटवा. बॅनरवर नास्तिक लिहायचं की विवेकवादी, यावर आमच्या तीन मीटिंगा गेल्या. एक लक्षात ठेवा, महाराष्ट्र अंनिसची (दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) भूमिका पहिल्यापासून अशी की आमचा देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. त्यामुळे मेळावा नास्तिकांचा असेल तर आयोजक म्हणून त्यांचं नाव परस्पर टाकू नका, त्यांची पंचाईत होते. माझं मत विचाराल तर नास्तिक म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, विवेक लिहून आत देव नाही सांगितलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

पोलीस स्टेशनला पंधरा दिवस आधी अर्ज द्या. तारीख, वेळ, ठिकाण, अंदाजे किती माणसं, वक्त्यांची नावं, माईक लागणार का, सगळं एका पानात, आणि झेरॉक्सवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आम्ही एकदा तोंडी सांगून आलो, आदल्या दिवशी फोन आला की आमच्याकडे नोंदच नाही, मग रात्री धावपळ. सणाच्या किंवा मिरवणुकीच्या दिवशी तर मागूच नका. वक्त्यांनाही आधी सांगून ठेवा, टीका करा पण देवादिकांवरून शिवराळ बोलू नका. भावना दुखावल्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, पूर्वीचं २९५ अ, आणि खटला पडला तर तारखांना वक्त्याबरोबर तुम्हीही जाणार. पूर्ण कार्यक्रमाचं शूटिंग स्वतः करा, बाहेर फिरते ती कापलेली तीस सेकंदांची क्लिपच.

पैसे. प्रवेश फुकट म्हणजे खर्च नाही असं नाही. हॉल, साऊंड, चहा-पोहे, वक्त्यांचं एसटीचं भाडं. नगरसेवक पैसे देतो म्हणाला तर हात जोडा, नाहीतर स्टेजवर त्याचा फोटो आणि अर्धा तास भाषण आलंच. पावतीपुस्तक छापून पन्नास-शंभरच्या पावत्या फाडा आणि दाराशी एक डबा ठेवा. शाल-श्रीफळ टाळलं की तिथेच बराच खर्च वाचतो, उद्घाटनाला एका रोपाला पाणी घाला, झालं. (साऊंडवाला मात्र ॲम्प्लिफायर चालू करायच्या आधी गुपचूप नारळ फोडून आला होता, आम्ही काही बोललो नाही, खोबरं वाटून खाल्लं.)

आता मेन गोष्ट, कार्यक्रम. पाच वक्ते लागोपाठ ठेवले की जेवणानंतर हॉल झोपतो. दोन पुरे, मध्ये करून दाखवायचं काहीतरी हवं. आमचा हिट प्रयोग पाकिटांचा. नोंदणीला प्रत्येकाची जन्मतारीख-वेळ लिहून घ्यायची आणि दुपारी ज्याच्या त्याच्या नावाचं बंद पाकीट द्यायचं. आत लिहिलेलं: तुम्ही वरून कडक पण मनाने हळवे, लोकांसाठी खूप करता पण त्याचं चीज होत नाही, पैसा येतो पण टिकत नाही. कितीजणांना पटलं विचारलं तर जवळपास सगळे हात वर, मग म्हणायचं आता शेजाऱ्याचं वाचा. सगळ्यांचं सेमच! पहिल्या रांगेतल्या एक काकू कागद उलटा-पालटा करून बघत होत्या, माझं तरी वेगळं असेल म्हणून. फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली विद्यार्थ्यांवर हेच केलं होतं, पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले होते पोरांनी. त्याला जोडूनच नारळीकरांची पुण्यातली चाचणी सांगा, २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, हुशार मूल कुठलं आणि मतिमंद कुठलं ओळखा म्हणून, बरोबर उत्तरं ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच.

मंत्राने अग्नी पेटवण्याचा चमत्कार करून दाखवणार असाल तर पोटॅशियम परमँगनेट बारीक कुटून घ्या, त्यावर तूप म्हणून ग्लिसरीन. थंडीत वेळ लागतो, आमच्यातला बुवाबाबाचं सोंग घेतलेला पोरगा दोन मिनिटं नुसताच ओम फट् करत बसला. खाली पत्र्याचा ट्रे, बाजूला वाळूची बादली, पोरं लांब. आणि करून झाल्यावर ट्रिक सांगाच, नाहीतर एखादा तुमच्याच पाया पडेल.

प्रश्नांना एक तास ठेवा, कापू नका. हात वर करायला सांगितलं की तेच चार पुरुष उठतात आणि प्रश्न न विचारता भाषण देतात. चिठ्ठ्या घ्या, नाव नको. आमच्याकडे एका चिठ्ठीत होतं, "सासूबाईंना मांत्रिकाकडे न्यायला मी नाही म्हटलं, आता घरात कोणी बोलत नाही, काय करू?" माईकवरून असं कोणी विचारणार नाही. वारी-कीर्तन पण बंद करणार का, हे हमखास येतं, तेव्हा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा जवळ ठेवा, त्यात यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलंय, ते वाचूनच दाखवा.

संपल्यावर हॉल झाडून द्या आणि जमा-खर्च त्याच दिवशी ग्रुपवर टाका. आमचे शेवटी ३४० रुपये उरले, त्यात पुढच्या वर्षीच्या पाकिटांचा गठ्ठा आणला.