संदर्भसूची बिघडते कुठे? हस्तलिखित पाठवण्याआधी या चुका टाळा

जर्नलने सांगितलेली संदर्भशैली झोटेरो किंवा मेंडले या संदर्भ साठवून सूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निवडली, तरी सूचीत भलतंच काहीतरी येतं. मग बहुतेक जण वर्डच्या फाइलमध्ये शिरून एकेक ओळ हातानं दुरुस्त करत बसतात. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. पुढचा संदर्भ टाकला की सॉफ्टवेअर सूची नव्यानं तयार करतं आणि केलेली दुरुस्ती पुसली जाते. दोष शैलीत क्वचितच असतो, बहुधा तो आपल्या संग्रहातल्या नोंदीत असतो. ब्राउझरमधून एका क्लिकवर नोंद ओढून घेतली की त्या पानावरचा कचराही सोबत येतो. म्हणून आधी नोंद दुरुस्त करायची आणि मग वर्डमध्ये रिफ्रेश करायचं.

लेखकांची नावं

जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल उद्धृत केलाय आणि सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ नावाचे कुणी गृहस्थ अवतरलेत? संस्थेचं नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत विभागलं गेलंय. झोटेरोत लेखकाच्या नावाशेजारचं चिन्ह दाबून दोन रकान्यांचा एक करा आणि पूर्ण नाव सलग लिहा. बिबटेकमध्ये, म्हणजे लाटेक या कोड लिहून मजकूर मांडायच्या प्रणालीसोबत संदर्भसूची बनवणाऱ्या साधनात, गंमत आणखी वाढते. तिथं ‘अँड’ हा लेखकांना जोडणारा शब्द असल्यामुळे ‘फूड अँड ॲग्रिकल्चर ऑर्गनायझेशन’ ही एक संस्था ‘फूड’ आणि ‘ॲग्रिकल्चर ऑर्गनायझेशन’ अशा दोन लेखकांत फुटते. संस्थेच्या नावाभोवती दुहेरी महिरपी कंस घातले की दोन्ही प्रश्न सुटतात.

दुसरं लक्षण ओळखायला थोडं अवघड आहे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) शैलीत बाकी सगळीकडे ‘(स्मिथ, २०१८)’ येतं आणि मध्येच एका ठिकाणी ‘(पी. स्मिथ, २०१८)’. दोन वेगळ्या लेखकांचं आडनाव एकच असेल तर वाचकाचा गोंधळ टाळायला शैली आद्याक्षर जोडते. लेखक एकच असूनही आद्याक्षर आलं, तर संग्रहात त्याचं नाव एका नोंदीत ‘पी.’ आणि दुसऱ्या नोंदीत ‘पीटर’ असं पडलेलं असतं. कधी फरक फक्त एका पूर्णविरामाचा असतो. दोन्ही नोंदींत नाव अक्षर-अक्षर सारखं करा, आद्याक्षर आपोआप जाईल.

एकच लेख सूचीत ‘२०१८अ’ आणि ‘२०१८ब’ असा दोनदा आला, तर संग्रहात त्याच्या दोन नोंदी आहेत. त्यांतली एक डिलीट करू नका, नाहीतर तिच्यावरून टाकलेले संदर्भ संग्रहापासून तुटतात. ‘मर्ज’ वापरा.

किती नावं, कुठे ‘एट अल.’ (‘आणि इतर’)

इथं जुन्या मार्गदर्शक फाइली घात करतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असले की मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून ‘एट अल.’ येतं. सूचीत मात्र २० पर्यंत सगळी नावं द्यावी लागतात. २१ किंवा जास्त असतील तर पहिली १९, मग तीन टिंबं, मग शेवटचं नाव. सहाव्या आवृत्तीचे नियम वेगळे होते आणि प्रकाशकाचं गावही लागायचं, ते आता काढून टाकलंय. वैद्यकीय जर्नलांत चालणाऱ्या व्हँकुव्हर पद्धतीत सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिली सहा नावं आणि ‘एट अल.’, पण एएमएच्या (अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शैलीच्या) अकराव्या आवृत्तीत अशा वेळी पहिली तीनच. दोन्ही क्रमांकाच्या शैली असल्यानं डोळ्यांना सारख्या दिसतात आणि हमखास चुकतात.

शीर्षकातली कॅपिटल अक्षरं

झोटेरोत लेखाचं शीर्षक वाक्यासारखं साठवा: पहिला शब्द, कोलननंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामं एवढ्यांचंच पहिलं अक्षर कॅपिटल. तसं साठवलं की प्रत्येक शब्द कॅपिटल करणाऱ्या शैलीसाठी सॉफ्टवेअर बदल स्वतः करतं. उलट दिशेनं ते नीट जमत नाही, कारण विशेषनाम कुठलं हे त्याला कळत नाही. शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘सेंटेन्स केस’ निवडता येतं, पण नंतर देशांची नावं आणि संक्षेप नजरेखालून घालाच. बिबटेकच्या अनेक शैली सरसकट सगळं लहान अक्षरांत (स्मॉल लेटर्समध्ये) करतात, त्यामुळे ‘डीएनए’सारखे संक्षेप महिरपी कंसात ठेवा. लॅटिनखेरीज दुसऱ्या लिपीतला स्रोत असेल, तर एपीए शीर्षकाचं रोमन लिप्यंतर आणि त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी भाषांतर मागतं. हे हातानंच भरावं लागतं.

क्रमांक उलटसुलट

व्हँकुव्हरमध्ये संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमानं आकडे मिळतात. तक्ते फाइलच्या शेवटी असले की त्यांच्यातल्या संदर्भांना वर्डमधलं प्लगइन (संदर्भ-सॉफ्टवेअरचा वर्डला जोडलेला भाग) सगळ्यांत शेवटचे आकडे देतं. नियम तसा नाही: फक्त तक्त्यात किंवा आकृतीच्या मथळ्यात आलेल्या संदर्भाचा क्रमांक त्या तक्त्याचा किंवा आकृतीचा मजकुरात पहिला उल्लेख जिथं होतो तिथला धरतात. उपाय सोपा आहे. क्रमांक पक्के होईपर्यंत तक्ता त्या उल्लेखाशेजारीच ठेवा. शेवटी संदर्भांचा साधा मजकूर केल्यावर तक्ता उचलून मागे न्या.

‘[३][४][५]’ असं सुटं दिसत असेल तर तीन संदर्भ तीनदा टाकलेत. एकाच खिडकीत तिन्ही निवडा, ‘[३–५]’ मिळेल. लाटेकमध्ये आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह आलं तर आधी नोंदीची की (संदर्भ टाकताना वापरायचं तिचं सांकेतिक नाव) तपासा. ती बरोबर असेल तर लाटेक, बिबटेक, लाटेक, लाटेक या क्रमानं पुन्हा चालवा. एकदा चालवून भागत नाही.

ट्रॅक चेंजेस चालू ठेवून संदर्भ खोडला तर तो बदल स्वीकारेपर्यंत फाइलमध्येच राहतो आणि सूचीतही दिसतो. सहलेखकांच्या फेऱ्या संपल्यावर सगळे बदल स्वीकारून मगच सूची तपासा.

डीओआय आणि पानं

डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, नेहमी १० आणि टिंब यांनी सुरू होतो. एपीएत तो पूर्ण दुव्याच्या रूपात द्यायचा आणि त्यापुढे पूर्णविराम ठेवायचा नाही. पीडीएफमधून कॉपी करताना ओळ तुटते तिथं मोकळी जागा किंवा जादा हायफन घुसतो, म्हणून प्रत्येक दुवा एकदा उघडून बघा. कंटाळवाणं आहे, पण त्याच वेळी प्रीप्रिंटचा (परीक्षणाआधीच ऑनलाइन ठेवलेला) लेख पुढे जर्नलमध्ये प्रसिद्ध झालाय का आणि लेख मागे तर घेतलेला नाही ना, हेही समजतं.

पानांसाठी एपीएत ‘२८४–२८७’, तर व्हँकुव्हरमध्ये ‘२८४-७’. ऑनलाइन जर्नलांत पानांऐवजी लेखक्रमांक असतो. तो पानांच्या रकान्यात तसाच पडून राहतो, तर एपीएत त्याआधी ‘आर्टिकल’ हा शब्द लागतो.

पाठवण्यापूर्वी

मूळ फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीतच ‘अनलिंक सायटेशन्स’ करा, म्हणजे संदर्भांचा साधा मजकूर होईल. हातानं करायची बारीकसारीक दुरुस्ती आता इथं करा. मूळ फाइल जिवंत ठेवा, कारण परीक्षकांनी चार संदर्भ वाढवायला सांगितले तर काम तिच्यातच करायचंय.