कॅबिनेटचे पंखे सतत पूर्ण वेगाने घोंघावत असतील तर

प्रोसेसर जेमतेम ४० अंशांवर, काही काम चालू नाही, तरी कॅबिनेटचे पंखे फुल स्पीडला. धूळ झाडली, दोन सॉफ्टवेअर टाकून पाहिली, फरक शून्य. डोकं उठलं होतं.

शेवटी पंख्याचा कनेक्टर नीट पाहिला: ३ पिनांचा! ४ पिनांचा पंखा चौथ्या पिनवरून येणाऱ्या पीडब्ल्यूएम सिग्नलवर (झटपट चालू-बंद होणाऱ्या इशाऱ्यावर) वेग बदलतो. ३ पिनांच्या पंख्यापर्यंत तो पोचतच नाही, मग पीडब्ल्यूएम मोडमध्ये त्याला कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळतात.

संगणक सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये गेलो (काही बोर्डांवर एफ२). फॅन कंट्रोलमध्ये त्याच हेडरचा (पंखा बोर्डला जिथे जोडतो त्या पिनांचा) मोड पीडब्ल्यूएमवरून डीसी केला, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा. आवाज तिथल्या तिथे उतरला. मग कर्व्ह (किती तापमानाला किती वेग) लावला: ५० अंशांपर्यंत ५० टक्के, ७५ ला १०० टक्के. ४० टक्क्यांखाली माझा पंखा बंदच पडायचा, तेव्हा फार खाली नेऊ नका. एफ१० दाबून सेव्ह.