दोनातून सात जात नाहीत, मग?

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. 2017 साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत पात्रता मिळवायची मुदत मिळाली. त्यांच्यासाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेनं 18 महिन्यांचा डी.एल.एड. हा शिक्षक पदविकेचा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीनं चालवला. अभ्यास सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन पोर्टलवर, सराव स्वतःच्याच शाळेत. या सरावाला मार्गदर्शक लागायचा, तसे काही जण माझ्याकडे आले. तेव्हापासून नव्या शिक्षकांच्या वर्गात बसणं सुटलेलं नाही.

पहिल्याच पाठाला मी चुकलो. विनाअनुदानित शाळेतल्या एका मॅडम तिसरीला वजाबाकी शिकवत होत्या. मी मागे बसून निरीक्षणाचा कागद भरत गेलो: फळ्याकडे तोंड, आवाज लहान, पाठाच्या टाचणात उद्दिष्ट नाही. पाठ संपल्यावर सगळं वाचून दाखवलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. पुढच्या आठवड्यात टाचण अगदी नीटनेटकं होतं आणि लेकरांना वजाबाकी येत नव्हतीच.

मग मी कागद पिशवीत ठेवला आणि लेकरांच्या रांगेत बसलो. शेजारच्या पोरानं 52 वजा 27 केले होते, उत्तर 35. मॅडमनी लाल पेनानं फुली मारली, फळ्यावर परत सांगितलं, "दोनातून सात जात नाहीत, हातचा घ्या." त्यानं मान डोलावली आणि पुढचं गणितही तसंच केलं.

सुट्टी झाल्यावर आम्ही दोघांनी त्याला विचारलं, तू कसं केलंस रे? तो म्हणाला, "दोनातून सात कसे जातीन? म्हणून सातातून दोन काढले."

त्याचं पहिलं वाक्य मॅडमचंच होतं! पुढची वाट त्यानं स्वतः काढली होती. मॅडम बराच वेळ ती वही बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुराट्यांच्या काड्या तोडून आणल्या, दहा-दहाच्या पेंढ्या बांधल्या. पाच पेंढ्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "यातून मला सत्तावीस दे." त्यानं दोन पेंढ्या दिल्या, दोन्ही सुट्या काड्या दिल्या, आणि अडला. मॅडम काही बोलल्या नाहीत. मी बोलणार होतो, त्यांनी हातानं थांबवलं. थोड्या वेळानं त्यानं तिसरी पेंढी उचलली, दोरा सोडला आणि पाच काड्या मोजून दिल्या. हाताशी उरल्या दोन पेंढ्या आणि पाच काड्या.

तुम्ही नव्यानं शिकवायला लागला असाल तर रोज एक चुकलेलं गणित घेऊन त्या लेकराला एवढंच विचारा, कसं केलंस? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मार्गदर्शक म्हणून जाणार असाल तर शिक्षकाच्या चुका मोजू नका, पाठानंतर दोघं मिळून एक वही बघा. आमच्या भागात कोलामी ही कोलाम आदिवासींची भाषा बोलणारी लेकरं वर्गात असतात, त्यांचं गप्प बसणं म्हणजे न समजणं असं धरू नका. चारदोन कोलामी शब्द त्यांच्याकडूनच शिकून घ्या, ती किती आनंदानं शिकवतात!

प्रमाणपत्राचंही सांगतो, कारण यात माणसं पोळली आहेत. त्या 18 महिन्यांच्या पदविकेवर नंतर कोर्टकज्जे झाले. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही असं म्हटलं, आणि 10 ऑगस्ट 2017 ला नोकरीत असलेल्यांना डिसेंबर 2024 मध्ये दिलासा मिळाला. मधल्या काळात चांगले शिकवणारे लोक जिवाला घोर लावून बसले होते. म्हणून प्रवेशाआधी एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची, मान्यता स्वतः तपासा, एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नका. जिल्हा परिषदेत यायचं तर पुढे टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आहेच. टीईटीचा पेपर 150 गुणांचा असतो, खुल्या प्रवर्गाला 90 लागतात.

वर्षाची आखणी मात्र इथल्या शेतीकडे बघून करा. उन्हामुळे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की लेकरं आईबरोबर कापसात जातात. हातच्याची वजाबाकी पोळ्याच्या आसपास उरकून घ्या. वेचणीहून परतलेल्या लेकरासाठी काड्यांच्या पेंढ्या कपाटात राहू द्या.