अमेरिकन फुटबॉल: ट्रिप्स समोर आली तर बचावात काय काय ठरलेलं हवं

सगळ्यात आधी मोजणी. एका बाजूला तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, लागले (हीच ट्रिप्स) की साइडलाइनकडून आत मोजायचं, एक, दोन, तीन, आणि सगळ्यांनी तसंच मोजायचं, कारण कॉर्नर (कडेचा बचावपटू) बाहेरून मोजतोय आणि लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) आतून असं झालं तर कव्हरेज, म्हणजे कोणी कुणाला धरायचं ही वाटणी, स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात येण्याच्या, आधीच फुटलेलं असतं. मग बॉल कुठल्या हॅशवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या दोन खुणांच्या रांगांपैकी कुठल्या रांगेवर, आहे ते बघा, मैदान १६० फूट रुंद, कॉलेजमध्ये दोन हॅशमध्ये ४० फूट, म्हणजे बॉल हॅशवर असला तर एकीकडे ६० आणि दुसरीकडे १०० फूट, आणि ते तिघं बहुतेक वेळा १०० वाल्या बाजूलाच असतात.

आता खरा प्रश्न, तीन नंबर सरळ खोल पळाला तर तो कुणाचा? क्वार्टर्समध्ये, म्हणजे खोल भाग चौघं वाटून घेतात त्या कव्हरेजमध्ये, कॉर्नर एक नंबरमध्ये अडकतो, सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) दोनमध्ये, आणि तिसरा येतो लाइनबॅकरच्या गळ्यात, ज्याला तो वेग झेपत नाही. म्हणून पलीकडच्या सेफ्टीने तीन नंबर उचलायचा, याला सोलो किंवा पोच म्हणतात आणि मला हाच उपाय सगळ्यात पटतो, पण मग ट्रिप्सच्या उलट बाजूचा कॉर्नर त्यांच्या सगळ्यात भारी रिसीव्हरसमोर एकटा पडतो, तर तिथे तुमचा सगळ्यात चांगला कॉर्नरच हवा. तसा पोरगा नसेल तर सोलोचा हट्ट नको, कव्हर थ्री मॅच शिकवा. १९९० च्या दशकात क्लीव्हलंड ब्राउन्स संघात प्रशिक्षक बेलिचिक आणि सेबन यांनी हेच केलं, खोल झोन (वाटून दिलेले भाग) तीन आणि सरळ पळणारे चार हे गणित जुळेना म्हणून झोनमध्ये राहूनच, तिथे येणारा माणूस पकडायचा.

तिघं घोळका करून उभे राहिले, म्हणजे बंच, तर सरळ मॅन, म्हणजे एकेकाने एकेकाला धरून, खेळू नका, आपलेच एकमेकांवर आदळतात. पुढच्याला एकाने दाबायचं, बाकीच्यांनी मागे थांबून बाहेर जाणारा कोण, आत येणारा कोण ते बघून घ्यायचं.

एम्प्टी लागली, म्हणजे पास झेलणारे पाचही बाहेर पसरले, तर क्वार्टरबॅक (पास फेकणारा) स्वतः पळाला तर कोण धरणार ते विचारून ठेवा.

आणि मोशन, म्हणजे स्नॅपआधी रिसीव्हरने जागा बदलणं! ट्रिप्सचं दोन्ही बाजूंना दोन-दोन झालं की सोलो लगेच रद्द, हे ओरडून ऐकू जात नाही हो, हाताची खूण ठरवा, आणि बेंचवरच्या सेफ्टीलाही ती पाठ आहे का ते आदल्या दिवशीच्या वॉकथ्रूमध्ये, म्हणजे चालत केलेल्या सरावात, बघून घ्या.